दोन फुटांखालची माती

६ जानेवारी २०२५, भडगाव

आज सकाळी जळगावहून दिपमाला मॅडमचा फोन आला. आमच्या संस्थेच्या न्यूट्रॉन विभागाच्या त्या आताच्या प्रमुख. मी निवृत्त झालो तेव्हा त्या नुकत्याच लागल्या होत्या.

म्हणाल्या, "सुरवाडे काका, विभागाला यंदा चाळीस वर्षं होताहेत. अठ्ठावीस फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, कार्यक्रम ठेवलाय. जुन्या नोंदवह्यांचं प्रदर्शन लावायचंय, आणि त्या वह्या तुमच्याशिवाय कुणाला कळायच्या? शिवाय तुम्हाला दहा मिनिटं बोलायचंही आहे."

मी हो म्हणालो. माझी बायको द्रौपदा ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "मंग जा ना. घरमा बशीसन काय करतस तुम्ही?"

दहा मिनिटं काय बोलायचं ते सुचावं म्हणून ही वही काढली. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांत आकडे लिहिले, स्वतःबद्दल एक ओळ कधी लिहिली नाही.

१९८५ साली मी परिचर म्हणून लागलो. दहावी पास, बाप मजुरी करणारा. पहिल्याच दिवशी विभागाच्या तेव्हाच्या प्रमुख चारुलता मॅडमनी मला यंत्र दाखवलं आणि मला कळेल असं सांगितलं: "हे नळीतून जमिनीत सोडायचं. यातून न्यूट्रॉन नावाचे बारीक कण सुटतात, फार वेगात. मातीत पाणी असेल तर पाण्याला धडकून ते दमतात. दमून किती परत आले ते हे यंत्र मोजतं. जितके जास्त दमलेले, तितकं जास्त पाणी." मग त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. आमच्या घरात माझ्याआधी कुणाच्या हातात कुठल्या ऑफिसची किल्ली आली नव्हती. ती मी संध्याकाळपर्यंत खिशात चाचपत होतो.

हे बोलायला हरकत नाही. बाकीचं नंतर.

१३ जानेवारी, जळगाव

सकाळच्या एस.टी.ने आलो. विभागाला नवा रंग दिलाय. ज्या हौदात न्यूट्रॉन सोडणारा उगम ठेवलेला असतो त्याभोवती आता जाळी आहे. कपाटात एकाहत्तर वह्या निघाल्या. पानांना वाळवी नाही, याचं समाधान वाटलं. डांबराच्या गोळ्या मीच ठेवत असे.

दिपमाला मॅडम एकेक वही उघडून बघत होत्या. "काका, रोज सकाळी काम सुरू करण्याआधीची तपासणीची मोजणी, एक दिवस चुकवली नाहीत तुम्ही. आमची मुलं आठवड्यात कंटाळतात." मी हसलो.

त्या चहाला गेल्या तेव्हा मी वही क्रमांक सात काढली. मे १९९४, फैजपूर. पान शोधावं लागलं नाही.

आता लिहूनच टाकतो. यंत्र दमलेले कण मोजतं, पण तेवढ्या कणांना नेमकं किती पाणी हे कळायला एकदा हाताने माती काढून, भट्टीत वाळवून, वजन करून ताळा घ्यावा लागतो. तो ताळा चुकला तर पुढचं सगळं चुकतं. फैजपूरला ताईबाई फेगडे यांच्या केळीच्या बागेत बारा ठिकाणी माती काढायची होती, एकदा वरची आणि एकदा दोन फुटांखालची. वरचे बारा नमुने मी काढले. खालचे काढले नाहीत. ऊन होतं, माती काढायचं गिरमिट जड होतं, पण ही कारणं नव्हेत. दुसऱ्या दिवशी द्रौपदाच्या भावाचं लग्न होतं, मला संध्याकाळची गाडी पकडायची होती आणि नवा शर्ट शिवला होता. खालच्या बारा नमुन्यांची वजनं मी गाडीची वाट बघत स्टँडवर बसून लिहिली. मातीचा प्रकार या रकान्यात बाराही ठिकाणी लिहिलं: काळी.

त्या ताळ्यावर १९९६ साली केळीच्या पाण्याची पुस्तिका निघाली. किती पाणी, किती दिवसांनी. यावल-रावेरच्या शेकडो शेतकऱ्यांनी ती भिंतीला लावली.

पानाच्या तळाला चारुलता मॅडमच्या हातची लाल पेन्सिलीची बारीक ओळ आहे: "पाहा ७अ." मॅडमना अशा खुणा करायची सवयच होती. ७अ नावाची वही एकाहत्तरांत नाही.

१४ जानेवारी

काल एक गोष्ट लिहायची टाळली. वही क्रमांक सात मी पिशवीत घालून घरी आणली आहे.

२० जानेवारी

आठवडाभर वही पेटीत आहे, माझ्या पांढऱ्या सदऱ्याखाली. प्रदर्शनात एकाहत्तरच्या जागी सत्तर वह्या असल्या तर कुणाला कळणार? हा विचार मी केला. केला तसा लिहून ठेवतो.

दुपारी मी जेवलो नाही तेव्हा द्रौपदाने विचारलं, "काय व्हयनं तुमले? ताटमा बठ्ठं तसंच शे." पित्त झालंय म्हणालो. तिने ताक आणून दिलं.

पुस्तिका चुकली असेल तर लोकांनी तीस वर्षं चुकीचं पाणी दिलं. १९९७ च्या जूनमध्ये ताईबाईंची सगळी बाग आडवी झाली होती.  पाणी कमी पडलं, मुळं वरच राहिली, झाडं उलथली, हे गणित मी तेव्हापासून मांडतोय. पुन्हा त्यांच्या बागेत जायची पाळी आली की मी काही ना काही निमित्त काढत असे.

२ फेब्रुवारी, फैजपूरहून परत

दिपमाला मॅडमना जुन्या बागेचे फोटो हवे होते. नाही म्हणता आलं नाही. भुसावळ सोडल्यावर दोन्ही बाजूंना केळीच केळी, आता सगळीकडे ठिबकच्या नळ्या.

ताईबाई ऐंशीच्या घरात आहेत, पण ताठ. मला बघून म्हणाल्या, "देवचंदभाऊ, तुम्ही तं यायचंच सोडून देलं. आमचं काही चुकलं का?"

त्यांनी चुलीजवळ बसवलं, केळ्याचे वेफर तळून दिले. मी धीर करून विचारलं, "अक्का, सत्त्याण्णव साली बाग गेली होती, ती पाण्यामुळे का?"

"पाण्याचं काय व्हतं त्यात? वादळ व्हतं ते. शेजारच्या सात-आठ जणांच्या बागा झोपल्या, आमच्या घराचे पत्रे उडाले. तुमच्या पुस्तकाचं पाणी तं चांगलंच मानवलं आम्हाले. थोडं थोडं, पण लौकर लौकर. आमचे मालक म्हनायचे, बाईनं आपल्या जमिनीची नाडी पाहिली."

माझ्या छातीवरचं थोडं उतरलं. थोडंच. पुढे त्या म्हणाल्या, "तुम्ही लग्नाले गेले अन् चार-पाच दिवसानं बाई आल्या. एकट्या. दोन दिवस राह्यल्या. भर उन्हात सोताच्या हातानं माती काढली त्याहिनं, हाताले फोडं आले. म्या वावरात ताक नेऊन देलं, मले चांगलं आठोते."

ताईबाईंचं वय झालं. चारुलता मॅडम एकदा एकट्या आल्या होत्या हे खरं, पण ते पहिल्या पाहणीच्या वेळी, १९८६ ला, आणि माती काढायचं काम तर नेहमी माझ्याकडेच असायचं. मी वाद घातला नाही. निघताना त्यांनी एक फणी केळी पिशवीत घातली. त्यांनी घातली म्हणून घेतली, पण मला ती जड झाली.

९ फेब्रुवारी

दिपमाला मॅडमनी मानपत्राचा मजकूर फोनवर वाचून दाखवला. म्हणजे ते मला मानपत्र देणार आहेत, हे मला आजच कळलं. त्यात एक वाक्य आहे: "त्यांच्या एकोणतीस वर्षांच्या सेवेत एकही नोंद चुकीची झाली नाही."

"वाक्य आवडलं ना काका?"

मी म्हटलं, लाईन नीट येत नाहीये.

चारुलता मॅडम धुळ्याला आहेत. प्रमुख पाहुण्या म्हणून येणार आहेत. स्टेजवर त्यांच्या शेजारी बसून ते वाक्य ऐकणं मला जमणार नाही. आधी त्यांना सांगायला हवं. द्रौपदाला आज सगळं सांगितलं, तिच्या भावाच्या लग्नासकट. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सांगी टाका त्यासले. मनमा ठेवीसन तुम्ही अर्धा व्हई गयात."

१५ फेब्रुवारी, धुळे

पारोळ्यावरून धुळ्याला. मॅडम देवपुरात भाचीकडे राहतात. त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत, एका कानाने कमी ऐकू येतं. मला त्या कानाच्या दुसऱ्या बाजूला बसवलं.

मी वही पिशवीतून काढून पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "मॅडम, हे खालचे बारा नमुने मी काढलेच नव्हते. स्टँडवर बसून लिहिले."

त्यांनी चष्मा लावून पान बघितलं. म्हणाल्या, "हो. माहीत आहे."

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं.

"सुरवाडे, ऐकलं मी. मला तेव्हाच कळलं होतं. तुमचे बाराही आकडे एका रेषेत बसले होते, पट्टी लावल्यासारखे. खरी माती अशी कधी वागत नाही. ती कुठे ना कुठे त्रास देतेच."

त्या उठल्या, काठी टेकत आत गेल्या आणि एक पातळ वही घेऊन आल्या. वर लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: ७अ. आत फैजपूरच्या त्याच बारा जागा, मे १९९४, मॅडमचं अक्षर. खालचे बारा नमुने. मातीच्या रकान्यात आठ ठिकाणी काळी, आणि चार ठिकाणी: वाळू.

"दोन फुटांखाली वाळूची पट्टी निघाली," त्या म्हणाल्या. "तिथे भरपूर पाणी दिलं की सरळ खाली निघून जायचं, झाडाला मिळायचंच नाही. म्हणून तर थोडं आणि वरचेवर द्या असं आपण सांगितलं. पुस्तिका या वहीवर निघाली. तुमच्या नाही."

इतकी वर्षं मला वाटत होतं की वाळूची पट्टी पुढच्या वर्षीच्या मोजणीत सापडली, पण ताळा माझाच राहिला. संस्थेचं सगळ्यात नावाजलेलं काम ते. आणि मी त्या जागी बारा वेळा काळी लिहून मोकळा झालो होतो.

ताईबाईंना सगळं नीट आठवत होतं. त्यांचं वय झालंय असं मी लिहिलं, ते मागे घेतो.

मी विचारलं, "मला बोलला का नाहीत?"

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "खूप चिडले होते मी. तुम्हाला कायम करण्याचा आदेश माझ्या टेबलावर होता. जूनमध्ये निघायचा होता, मी सप्टेंबरपर्यंत सही केली नाही. आठवतं?"

आठवतं. मी ऑफिसच्या कारकुनाला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या.

"त्या तीन महिन्यांत तुमची प्रत्येक नोंद मी मागाहून जाऊन तपासली. पुढे दोन वर्षं अधूनमधून तपासत होते. एकही खोटी सापडली नाही. मग थांबले. बोलले असते तर समितीपुढे न्यावं लागलं असतं आणि तुम्ही गेला असता. तुमच्यासारखा हात मला पुन्हा मिळाला नसता, असा माझाही स्वार्थ त्यात होता." मग म्हणाल्या, "पण तुम्ही हे तीस वर्षं उचलून फिराल, हे मला सुचलं नाही. वाटलं विसरला असाल. तेवढं माझं चुकलं."

 भाचीने पोहे आणले. मॅडम म्हणाल्या, "खा आधी. बसचा वेळ आहे अजून."

निघताना त्यांनी ७अ माझ्या हातात दिली. "दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. तुमची लपवू नका, आणि माझी एकटी मिरवू नका."

१७ फेब्रुवारी, जळगाव

वही क्रमांक सात परत केली. दिपमाला मॅडमना सगळं सांगितलं, वही घरी नेली होती तेही. मानपत्रातलं वाक्य काढा म्हटलं, आणि माझ्या दहा मिनिटांत मी हे बोलणार आहे म्हटलं. त्या गंभीर झाल्या. "काका, मला संचालकांशी बोलावं लागेल."

२१ फेब्रुवारी

दिपमाला मॅडमचा फोन. संचालकांचं म्हणणं, आनंदाच्या दिवशी हे कशाला. मानपत्र द्यायचं, ते वाक्य वगळायचं, पण भाषण कार्यक्रमातून काढलंय. "मी भांडले काका, पण..." म्हणाल्या.

मी म्हटलं, काही हरकत नाही. खरं तर सुटल्यासारखंही वाटलं. हे चारुलता मॅडमना कळवलं. त्या फक्त "बरं" म्हणाल्या.

१ मार्च, भडगाव

काल सगळं पार पडलं. क्रमाने लिहितो.

सभागृह भरलं होतं. जुने निवृत्त लोक, विद्यार्थी, यावलकडचे शेतकरी. ताईबाई नऊवारीत पहिल्या रांगेत, शेजारी द्रौपदा. दोघींची ओळख दहा मिनिटांत इतकी झाली की बोलणं थांबवायला दिपमाला मॅडमना त्यांच्याकडे बघावं लागलं.

संचालकांनी चाळीस वर्षांचा आढावा घेतला. केळी, कापूस, धरणाच्या भिंतीतली ओल, विहिरींच्या खालचे दगड. प्रत्येक कामाबरोबर मला कुणाचा तरी चेहरा आठवत होता. जीपचा ड्रायव्हर, मोजणीला बसणारी पोरं, काच फुंकणारे मिस्त्री. त्यांतले निम्मे आता नाहीत. या सगळ्यांबरोबर मला राहायला मिळालं, याच्यापेक्षा मोठं माझ्या आयुष्यात दुसरं काय होतं.

मग चारुलता मॅडम बोलायला उठल्या. दोन मिनिटं बोलल्या. म्हणाल्या, "मला पंधरा मिनिटं दिली आहेत. उरलेली मी देवचंद सुरवाडे यांना देते." आणि जाऊन बसल्या. संचालकांनी दिपमाला मॅडमकडे पाहिलं. त्या उठल्या आणि त्यांनी माईक माझ्या उंचीला खाली केला.

मी सांगितलं. लग्न, शर्ट, स्टँड, बारा आकडे. मग ७अ, उन्हातली बाई, तिच्या हाताला आलेले फोड, वाळूची पट्टी. शेवटी म्हटलं, "आज तुम्ही ज्या कामाचं कौतुक करताय ते मी जवळजवळ गाडून टाकलं होतं. मॅडमनी ते खणून काढलं, आणि वर मला वीस वर्षं आणखी काम करू दिलं. मला मानपत्र नको असं मी म्हणत नाही. पण ते घेताना तुम्हाला हे माहीत असावं."

 माझ्या कानांत नुसता पंख्यांचा आवाज. तेवढ्यात पहिल्या रांगेतून ताईबाई चांगल्या मोठ्यानं द्रौपदाला म्हणाल्या, "म्हंजे तुह्या भावाच्या लग्नापायी झालं व्हय हे बठ्ठं?"

द्रौपदा म्हणाली, "हा ना. आन त्या लगीनमा ह्या मांडवमा झोपेल व्हतात."

आधी मॅडम हसल्या. मग सगळं सभागृह. संचालक सुद्धा. मला हसू आलं की रडू ते माहीत नाही, द्रौपदा म्हणते दोन्ही.

जेवणाच्या वेळी संचालक जवळ आले. "माझं चुकलं सुरवाडे. हे विद्यार्थ्यांनी ऐकायलाच हवं होतं." प्रदर्शनात दोन्ही वह्यांसमोर सगळ्यात जास्त गर्दी होती. मी थोडा लांब उभा राहून बघत होतो. मॅडम पण तिथेच बसल्या होत्या, ताटलीत जिलबी घेऊन. डॉक्टरांनी गोड बंद केलंय, पण मी काही बोललो नाही.

१० मार्च, जळगाव

दिपमाला मॅडमनी तीन महिने नव्या मुलांना मोजणी शिकवायला बोलावलं आहे. सोमवार ते बुधवार. मी विचार करतो म्हणालो होतो, पण द्रौपदाने परस्पर हो कळवून टाकलं आणि आज पहाटे डबा हातात दिला.

साक्षी नावाची एमएस्सीची मुलगी आहे, नीटनेटकी, जरा घाबरट. सकाळी संस्थेच्या मागच्या बागेत तिला एका नळीत आठ वेगवेगळ्या खोलीवर मोजणी घ्यायला लावली. दुपारी वही घेऊन आली आणि टेबलापाशी नुसतीच उभी राहिली. सात चौकोनांत आकडे होते. आठवा कोरा.

"सर, शेवटच्या खोलीला नळीत पाणी शिरलं होतं. यंत्र सोडताच आलं नाही. शेजारच्या नळीवरून अंदाजे लिहू का?"

"तुला काय वाटतं?"

तिने आपले सात आकडे एकदा वरून खाली वाचले. "नको," म्हणाली. "मोजलं नाही असंच लिहिते." आणि कोऱ्या चौकोनात बारीक अक्षरात तेवढंच लिहिलं.

मी पेन मागून घेतलं आणि त्या चौकोनाखाली तारीख टाकून सही केली. एकोणतीस वर्षांत हजारो सह्या केल्या असतील. इतक्या आनंदाने केलेली दुसरी आठवत नाही.